व्हिएतनाम युद्ध आणि डेमोक्रॅटिक पक्षातली फूट (१९६४–६८) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन ६१ टक्के मतं घेऊन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. सिनेटच्या १०० पैकी ६८ जागा आणि प्रतिनिधीगृहाच्या ४३५ पैकी २९५ जागा त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे होत्या. ३१ मार्च १९६८ च्या रात्री याच जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितलं की मी पुन्हा उभा राहणार नाही. मधल्या काळात त्यांना अडवायला पुढे आले ते बहुतेक त्यांच्याच पक्षाचे लोक. या फुटीबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

युद्धाला विरोध सत्ताधारी पक्षातूनच का झाला? रिपब्लिकन काय करत होते?

रिपब्लिकन नेतृत्व युद्धाच्या बाजूने होतं. सिनेटमधले त्यांचे नेते एव्हरेट डर्कसन जॉन्सन यांच्या पाठीशी उभे राहिले आणि बऱ्याच रिपब्लिकनांची तक्रार तर अशी होती की सरकार पुरेसा जोर लावत नाही. केंटकीचे जॉन शर्मन कूपर, व्हरमाँटचे जॉर्ज एकेन असे थोडे अपवाद होते. त्यामुळे ‘हे युद्ध कशासाठी?’ हा प्रश्न विचारायची जागा रिकामी पडली होती आणि ती भरली सत्ताधाऱ्यांनीच.

पक्षादेश मोडला म्हणून कारवाई होत नव्हती का?

नाही. संसदीय पद्धतीत पक्षादेश मोडणाऱ्याची खुर्ची धोक्यात येऊ शकते, अमेरिकेत तसं नसतं. सिनेटर आपल्या राज्यातून निवडून येतो आणि सरकार त्याच्या मतावर टिकून नसतं. त्या काळात समित्यांची अध्यक्षपदंही ज्येष्ठतेने मिळत, म्हणून सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष विल्यम फुलब्राइट हे युद्धाचे टीकाकार झाले तरी त्यांना तिथून हटवणं जॉन्सन यांच्या हातात नव्हतं.

राष्ट्राध्यक्षाचं वजन चालायचं ते दुसऱ्या वाटांनी. तुमच्या राज्यातलं धरण, न्यायाधीशांच्या नेमणुका, व्हाइट हाउसची आमंत्रणं, निवडणुकीत शेजारी उभं राहून काढलेला फोटो, हे सगळं त्याच्या मर्जीवर असे. जॉन्सन स्वतः सहा वर्षं सिनेटमध्ये बहुमताचे नेते होते, कोणाला काय हवं असतं हे त्यांना नावानिशी ठाऊक होतं. एवढं लक्षात घेऊनही माझं मत असं आहे की भीतीपेक्षा निष्ठेने जास्त तोंडं बंद ठेवली. नागरी हक्कांचे कायदे करणारा हा आपला माणूस आहे, त्याला उघड्यावर कसं पाडायचं, असं पुष्कळांना मनापासून वाटत होतं.

टोंकिनचा ठराव म्हणजे नेमकं काय?

२ ऑगस्ट १९६४ ला टोंकिनच्या आखातात ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर साम्यवादी उत्तर व्हिएतनामच्या गस्ती नौकांनी हल्ला केला. अमेरिका दक्षिण व्हिएतनामच्या बाजूने होती. ४ ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचं सरकारने सांगितलं. तो झालाच नव्हता, हे आता पक्कं झालं आहे. पण त्या दोन दिवसांच्या जोरावर ७ ऑगस्टला दोन्ही सभागृहांनी ठराव केला : आग्नेय आशियात लागेल ती पावलं राष्ट्राध्यक्षाने उचलावीत, लष्करी बळ वापरण्यासकट. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २.

ते दोघे होते ओरेगॉनचे वेन मॉर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग. दोघेही डेमोक्रॅट. मॉर्स यांचा मुद्दा घटनेचा होता. युद्ध पुकारण्याचा अधिकार कायदेमंडळाचा आहे, तो असा कोऱ्या कागदावर सही करून देता येत नाही. ग्रूनिंग यांचं म्हणणं आणखी सरळ होतं : या लढाईत आपलं काही काम नाही, तिथे आपली मुलं पाठवू नका.

विस्कॉन्सिनचे गेलॉर्ड नेल्सन यांना ठरावात दुरुस्ती हवी होती. जमिनीवरच्या युद्धाला ही संमती नाही, एवढं त्यांना लिहून हवं होतं. सिनेटमध्ये ठराव पुढे नेणाऱ्या फुलब्राइट यांनी त्यांना समजावलं की सरकारचाही तसा इरादा नाही, मग दुरुस्ती कशाला? नेल्सन थांबले. पुढची सगळी वर्षं फुलब्राइट यांना हा दिवस टोचत राहिला.

बाकीच्या ८८ जणांना खरंच काही शंका नव्हती?

होती, आणि या विषयातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

२७ मे १९६४ चं एक दूरध्वनी संभाषण ध्वनिफितीवर आहे. जॉन्सन बोलत होते जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल यांच्याशी. रसेल हे सशस्त्र दल समितीचे अध्यक्ष आणि जॉन्सन यांचे जुने गुरू. याच आठवड्यांत ते जॉन्सन यांचं नागरी हक्क विधेयक सिनेटमध्ये अडवून बसले होते, तरी व्हिएतनामवर दोघे घरच्यासारखे बोलले. इतका वाईट गुंता आपण कधी पाहिला नाही, असं रसेल म्हणाले. बाहेर पडायची वाट त्यांनाही हवी होती. जॉन्सन यांनी विचारलं, पळ काढणाऱ्या राष्ट्राध्यक्षावर हे लोक महाभियोग आणतील ना? त्याच दिवशी आपले सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना त्यांनी सांगितलं की हे लढण्याच्या लायकीचं आहे असं मला वाटत नाही, आणि बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. हे बोलणं झालं तेव्हा टोंकिनला सव्वादोन महिने बाकी होते.

बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी पूर्व आशियाचा इतिहास शिकवला होता. ते जॉन्सन यांना टिपणांमागून टिपणं पाठवत राहिले आणि व्हाइट हाउसमधून प्रत्येक टिपणाचं मुद्देसूद खंडन तयार होत राहिलं. २७ जुलै १९६५ च्या बैठकीत त्यांनी लेखी निवेदन वाचून सैन्यवाढीला विरोध केला. आणि सभागृहात राष्ट्राध्यक्षांना साथ देण्याचं कर्तव्य आपण पार पाडू, हेही सांगितलं.

परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल यांनी ऑक्टोबर १९६४ मध्येच ६७ पानांचं टिपण लिहिलं होतं. एकदा वाघाच्या पाठीवर बसलं की कुठे उतरायचं ते आपल्या हातात राहत नाही, असा त्यातला इशारा होता. जुलै १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं की आपली माणसं मोठ्या संख्येने पडू लागली की मागे फिरणं जवळजवळ अशक्य होईल. बैठकीत त्यांचं ऐकून घेतलं जायचं आणि मग निर्णय उलटा व्हायचा. सप्टेंबर १९६६ मध्ये ते पदावरून गेले, तेव्हाही त्यांनी जाहीर वाच्यता केली नाही.

बंद दाराआड हे सगळे शहाणे होते. मतदानाच्या नोंदीत मात्र तो शहाणपणा कुठेच सापडत नाही.

उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्री यांनी सुरुवातीला विरोध केला होता, हे खरं का?

खरं आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांनी जॉन्सन यांना एक टिपण दिलं. त्याचा गाभा राजकीय होता. आपण नुकतेच प्रचंड बहुमताने जिंकलो आहोत, रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांच्यासारखे युद्धखोर हरले आहेत, तेव्हा यातून बाहेर पडायला राजकीय धोका सर्वांत कमी असलेलं वर्ष हेच. युद्ध वाढत गेलं तर विरोध वाढेल आणि तो आपल्याच उदारमतवादी लोकांतून, कामगार संघटनांतून येईल.

तीन वर्षांनी अक्षरशः तसंच घडलं. टिपणाचं फळ मात्र त्यांना लगेच मिळालं. व्हिएतनामवरच्या महत्त्वाच्या बैठकांतून त्यांना जवळपास वर्षभर बाहेर ठेवलं गेलं. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांना आशियाच्या दौऱ्यावर पाठवण्यात आलं आणि परत आले ते युद्धाचे सर्वांत उत्साही प्रचारक होऊन. त्यांना यासाठी दोष देणाऱ्यांनी ते वर्षही लक्षात घ्यावं. पण ज्याला दिसलं होतं त्यानेच डोळे मिटले, म्हणून ते जास्त लागतं.

एवढे इशारे मिळूनही जॉन्सन पुढे का गेले?

दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. २८ जुलै १९६५ ला त्यांनी व्हिएतनाममधलं सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखापर्यंत नेण्याची घोषणा केली. ३० जुलैला त्यांनी वृद्धांसाठीच्या आरोग्य विम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. आठवड्याभरात, ६ ऑगस्टला, कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काचा कायदा झाला. १९४९ मध्ये चीन साम्यवाद्यांकडे जाऊन ‘हातचा गेला’ तेव्हा त्याचं खापर डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यावर कसं फुटलं हे जॉन्सन यांनी पाहिलं होतं. व्हिएतनाम गेला तर आपल्या घरच्या सगळ्या योजना विरोधक मोडून खातील, अशी भीती त्यांच्या मनात बसली होती. म्हणून युद्ध गाजावाजा न करता, करवाढ न मागता, हप्त्याहप्त्याने वाढवायचं ठरलं.

गरिबांसाठी कायदे व्हावेत म्हणून युद्ध गप्प रेटलं गेलं आणि त्या युद्धावर सर्वांत जास्त पाठवली गेली ती साध्या घरांतली मुलं. महाविद्यालयात असणाऱ्याला सक्तीच्या भरतीतून सवलत मिळत होती. युद्धाचा खर्च शेवटी लपला नाहीच. १९६८ मध्ये प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार बसला आणि त्याच कायद्याने घरच्या खर्चालाही कात्री लावली.

ठराव मांडणारे फुलब्राइट उलटले कसे?

त्यांचा विश्वास तुटला. १९६५ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात अमेरिकेने सैन्य उतरवलं, तेव्हा सरकारने सांगितलेली कारणं त्यांनी समितीत तपासली आणि ती टिकत नाहीत असं त्यांना दिसलं. सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये भाषण करून त्यांनी ते उघड बोलून दाखवलं. तिथून जॉन्सन यांच्याशी त्यांची मैत्री संपली.

जानेवारी–फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांच्या समितीने व्हिएतनामवर सुनावण्या घेतल्या आणि त्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या. परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांना सत्ताधारी पक्षाचेच सिनेटर उलटे प्रश्न विचारत होते. घरचा आहेर म्हणतात तो हाच. रस्त्यावरची निदर्शनं पाहून ज्यांनी चॅनल बदललं असतं, त्यांना जॉर्ज केनन यांच्यासारखा माणूस ऐकायला मिळाला. साम्यवादाला रोखण्याच्या धोरणाची मांडणी ज्यांनी केली, तेच १० फेब्रुवारीला सांगत होते की आपण आज तिथे नसतो तर तिथे जाण्याचं काही कारण मला दिसत नाही. त्या दिवशी सीबीएस वाहिनीने केनन यांची साक्ष न दाखवता जुन्या विनोदी मालिकेचा भाग लावला आणि वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी राजीनामा दिला. जॉन्सन यांनाही सुनावण्यांचं वजन कळलं होतं. त्यांनी घाईघाईने होनोलुलूमध्ये दक्षिण व्हिएतनामच्या नेत्यांशी परिषद ठरवली आणि बातम्यांचा रोख तिकडे वळवला.

युद्धावर शंका घेणं म्हणजे देशद्रोह नव्हे, हे सामान्य घरांत पहिल्यांदा पोहोचलं ते या सुनावण्यांमुळे, असं मला वाटतं.

एवढा विरोध होता तर युद्धाचा पैसा का अडवला नाही?

याचं उत्तर १ मार्च १९६६ या एका दिवसात आहे. मॉर्स यांनी टोंकिनचा ठराव रद्द करण्याचा प्रस्ताव आणला. तो ९२ विरुद्ध ५ मतांनी बाजूला सारला गेला. ते पाच : मॉर्स, ग्रूनिंग, फुलब्राइट, मिनेसोटाचे युजीन मॅकार्थी आणि ओहायोचे स्टीफन यंग. त्याच दिवशी युद्धासाठीच्या ४.८ अब्ज डॉलरच्या जादा तरतुदीवर मतदान झालं. तिथे विरोधात फक्त दोन मतं पडली, मॉर्स आणि ग्रूनिंग यांची.

कारण सांगितलं जायचं ते नेहमी एकच : मैदानात उतरलेल्या मुलांची रसद आम्ही तोडणार नाही. ऐकायला हे माणुसकीचं वाटतं आणि बोलणाऱ्यांपैकी बरेच जण प्रामाणिकही होते. पण या तर्काला शेवट नाही. जितकी मुलं जास्त पाठवाल तितकं पैसा थांबवणं कठीण, आणि पैसा मिळतो म्हणून आणखी मुलं जातात. १९६५ अखेर तिथे अमेरिकेचे सुमारे १ लाख ८४ हजार सैनिक होते, १९६६ अखेर ३ लाख ८५ हजार, १९६७ अखेर ४ लाख ८५ हजार. भाषणांत युद्धावर टीका करणाऱ्यांचीही मतं या प्रत्येक वाढीच्या मागे आहेत.

वाद फक्त ‘युद्ध हवं’ आणि ‘युद्ध नको’ असा होता का?

मुळीच नाही. पक्षात तिसरा, ताकदवान गट होता. मिसिसिपीचे जॉन स्टेनिस, वॉशिंग्टन राज्याचे हेन्री जॅक्सन यांच्यासारख्यांचं म्हणणं असं की सरकार हात बांधून लढतं आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये स्टेनिस यांच्या उपसमितीने बंद दाराआड सुनावण्या घेतल्या. सेनाधिकाऱ्यांनी बाँबफेक वाढवा म्हणून सांगितलं. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी साक्ष दिली की बाँबफेकीने उत्तरेकडून येणारी रसद थांबत नाही आणि थांबणारही नाही. जॉन्सन दोन्ही बाजूंनी ओढले जात होते. दोघांनाही थोडं थोडं देत ते मधोमध चालले, आणि त्या मधल्या वाटेवर माणसं मरत राहिली.

मॅक्नमारा यांनी राजीनामा दिला की त्यांना काढलं?

१ नोव्हेंबर १९६७ ला त्यांनी जॉन्सन यांना लिहून कळवलं की सैन्य आहे तिथेच थांबवा, बाँबफेक बंद करा, लढाई हळूहळू दक्षिण व्हिएतनामकडे सोपवा. महिना संपायच्या आत ते जागतिक बँकेवर जाणार असल्याचं जाहीर झालं. काढलं की गेले, हे आपल्यालाही नीट कळलं नाही असं ते स्वतः पुढे म्हणत. बाहेर पडल्यावर युद्धाबद्दल त्यांनी कित्येक वर्षं जाहीरपणे तोंड उघडलं नाही. त्या मौनाची किंमत मोजली गेली ती दुसऱ्यांच्या घरांत.

१९६८ मध्ये जॉन्सन यांच्याविरुद्ध उभे राहिलेले मॅकार्थी म्हणजे साम्यवाद्यांच्या मागे लागलेले तेच का?

नाही. ते जोसेफ मॅकार्थी, विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन, १९५७ मध्ये वारले. हे युजीन मॅकार्थी, मिनेसोटाचे डेमोक्रॅट, कविता लिहिणारे, हम्फ्री यांचे एकाच राज्यातले जुने सहकारी. टोंकिनच्या ठरावाला १९६४ मध्ये त्यांनीही होकार दिला होता.

न्यू हॅम्पशायरमध्ये जॉन्सन हरले होते का?

हरले नव्हते. १२ मार्च १९६८ ला तिथे प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचं राज्यातलं मतदान झालं. जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, समर्थकांनी ते हाताने लिहायचं होतं. तरी त्यांना सुमारे ४९ टक्के मतं मिळाली, मॅकार्थी यांना ४२. पण पदावरच्या राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या पक्षात एवढं आव्हान मिळणं हाच धक्का होता, आणि उमेदवार निवडणाऱ्या पक्ष-अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या २४ जागांपैकी २० मॅकार्थी यांच्याकडे गेल्या.

याआधी अ‍ॅलर्ड लोवेनस्टीन हे कार्यकर्ते महिनोन्‌महिने उमेदवार शोधत फिरले होते. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे भाऊ, सिनेटर रॉबर्ट केनेडी नाही म्हणाले, इतरही नाही म्हणाले, मॅकार्थी हो म्हणाले. देशभरातून विद्यार्थी आले, केस कापून, दाढ्या करून दारोदार फिरले. जानेवारीअखेर, ‘टेट’ या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, साम्यवाद्यांनी दक्षिण व्हिएतनामभर केलेल्या हल्ल्याने सरकारचा ‘आपण जिंकतो आहोत’ हा दावा उघडा पडला होता. मतदानाच्या दोन दिवस आधी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की सेनापतींना आणखी २ लाख ६ हजार सैनिक हवे आहेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही ४२ टक्के मतं सगळी शांततेची नव्हती. नंतरच्या अभ्यासात दिसलं की मॅकार्थी यांना मत देणाऱ्यांत जॉन्सन पुरेसे कठोर नाहीत म्हणून चिडलेलेही भरपूर होते. लोकांना हा असा गुंता नको होता, एवढंच त्या मतांवरून म्हणता येतं.

रॉबर्ट केनेडी इतक्या उशिरा का आले?

भावाच्या काळात या धोरणात त्यांचाही हात होता आणि जॉन्सन यांच्याशी त्यांचं वैर जगजाहीर होतं. आपला विरोध लोक सूड म्हणून पाहतील ही त्यांची धास्ती होती. २ मार्च १९६७ ला त्यांनी सिनेटमध्ये बाँबफेक थांबवण्याची मागणी केली आणि स्वतःचाही वाटा कबूल केला. त्या भाषणात त्यांनी अनोळखी देशाच्या विमानातून पडणारी आग पाहणाऱ्या आई आणि मुलाचं चित्र उभं केलं. एवढ्या वर्षांच्या पक्षांतर्गत वादात व्हिएतनामी माणूस इतका जवळून क्वचितच दिसतो. बाकी चर्चा चालायची ती अमेरिकेच्या प्रतिष्ठेची, अमेरिकी मुलांची, अमेरिकी मतांची.

ते मैदानात उतरले १६ मार्च १९६८ ला, न्यू हॅम्पशायरनंतर चार दिवसांनी. मॅकार्थी यांच्या कार्यकर्त्यांना ते फार लागलं. ४ जूनला कॅलिफोर्निया जिंकल्यावर मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ६ जूनला ते गेले.

जॉन्सन यांनी माघार का घेतली?

अनेक गोष्टी एकत्र आल्या. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांनी जुलै १९६५ मध्ये खासगीत सैन्यवाढीला विरोध केला होता, मग दोन वर्षं युद्धाची बाजू घेतली होती. मंत्रालयात बसून त्यांनी सेनाधिकाऱ्यांना साधे प्रश्न विचारले : किती सैनिक पुरतील? किती दिवसांत संपेल? उत्तर कोणाकडेच नव्हतं. २५–२६ मार्चला ज्येष्ठ सल्लागारांची बैठक झाली. नोव्हेंबरमध्ये ‘चालू ठेवा’ म्हणणाऱ्या या मंडळींतले बहुतेक आता माघारीच्या बाजूने होते. २ एप्रिलला विस्कॉन्सिनची प्राथमिक निवडणूक होती आणि तिथे पराभव दिसत होता. झालाही तसाच, मॅकार्थी ५६ टक्के, जॉन्सन ३५. प्रकृतीचीही काळजी होती.

ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोला झालेल्या पक्षाच्या अधिवेशनात काय ठरलं?

बाहेर रस्त्यावर निदर्शकांवर झालेला लाठीमार सगळ्यांना माहीत असतो. सभागृहातलं २८ ऑगस्टचं मतदान कमी जणांना. व्हिएतनामवर जाहीरनाम्याचे दोन मसुदे होते. अल्पमताचा मसुदा म्हणत होता, उत्तरेवरची बाँबफेक विनाअट थांबवा आणि दोन्ही बाजूंचं सैन्य मागे घेण्याची बोलणी करा. बहुमताचा म्हणत होता, आपल्या सैनिकांच्या जिवाला धोका नसेल आणि हनोईचा, म्हणजे उत्तर व्हिएतनाम सरकारचा, प्रतिसाद पाहून मगच थांबवू. सुमारे तीन तास चर्चा झाली. शांततेचा मसुदा १०४१¼ विरुद्ध १५६७¾ मतांनी पडला. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी काळ्या फिती बांधून गात राहिले.

खरं तर हम्फ्री यांनी मधला मसुदा तयार केला होता आणि रस्क यांचीही त्याला हरकत नव्हती. टेक्सासमधल्या घरातून जॉन्सन यांनी तो हाणून पाडला. आठवड्यापूर्वीच सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले होते, त्याचाही परिणाम झाला. आणि हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवलेली नसताना त्यांना उमेदवारी मिळाली, कारण तेव्हा बहुतेक प्रतिनिधी राज्यांचे पक्षनेते ठरवत. महिनोन्‌महिने दारोदार फिरलेल्या मुलांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. उमेदवारनिवडीचे नियम पुढे पक्षाच्याच मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोगाने बदलले, त्याचं मूळ या अधिवेशनात आहे.

या भांडणामुळे पक्ष निवडणूक हरला का?

असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीत हम्फ्री यांनी अखेर जाहीर केलं की शांततेसाठी धोका पत्करून मी बाँबफेक थांबवेन. व्यासपीठावर उपराष्ट्राध्यक्षपदाची मुद्राही लावली नव्हती. त्यानंतर सभांमधली हुर्यो कमी झाली, पैसा येऊ लागला, अंतर घटत गेलं. मॅकार्थी यांनी पाठिंबा दिला तो २९ ऑक्टोबरला. ३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी बाँबफेक थांबवली, पण २ नोव्हेंबरला सायगॉनने, म्हणजे दक्षिण व्हिएतनाम सरकारने, पॅरिसच्या शांतता बोलण्यांना यायला नकार दिला. ५ नोव्हेंबरच्या मतदानात रिपब्लिकन रिचर्ड निक्सन ४३.४ टक्के, हम्फ्री ४२.७, तिसरे उमेदवार जॉर्ज वॉलेस १३.५. सात कोटींहून जास्त मतदानात पहिल्या दोघांतला फरक सुमारे ५ लाखांचा. ज्या क्षणी उमेदवाराने मनातलं बोलून दाखवलं, त्या क्षणापासून पक्ष सावरू लागला होता. उशीर झाला तो बोलायला.

उघड विरोधामुळे शत्रूला बळ मिळालं, या आरोपात तथ्य आहे का?

हनोईचं अमेरिकी राजकारणावर लक्ष होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वर्षांचा क्रम पाहा. १९६५ ते १९६७ मध्ये कायदेमंडळाने मागितलेला पैसा दिला, सैन्य जवळपास पाच लाखांवर गेलं, विरोधी मतं बोटावर मोजण्याइतकी होती. ‘टेट’चा धक्का बसला तो त्या जवळजवळ एकमुखी पाठिंब्यानंतर. युद्ध आपल्याच वजनाखाली अडकलं होतं, बोलणाऱ्यांनी फक्त ते सांगितलं.

शेवटी युद्ध थांबवलं कोणी?

निक्सन यांच्या काळात कायदेमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडेच होती. स्वतःच्या राष्ट्राध्यक्षासमोर जी मतं पडली नव्हती, ती आता पडू लागली. टोंकिनचा ठराव जानेवारी १९७१ मध्ये रद्द झाला. १५ ऑगस्ट १९७३ नंतर हिंदचीनमधल्या, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातल्या, लढाईसाठी अमेरिकी पैसा वापरायला कायद्याने बंदी आली. नोव्हेंबर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून युद्धाधिकारांवर मर्यादा घालणारा ठराव झाला. तोवर ५८ हजारांहून जास्त अमेरिकी गेले होते, त्यातले २० हजारांहून जास्त १९६९ पासूनच्या काळात. व्हिएतनामी मृतांचा आकडा दशलक्षांत आहे.

मॉर्स आणि ग्रूनिंग यांचं पुढे काय झालं?

१९६८ मध्ये दोघांच्याही जागा गेल्या. ग्रूनिंग पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच माइक ग्रॅव्हेल यांच्याकडून हरले. मॉर्स यांना रिपब्लिकन बॉब पॅकवुड यांनी अगदी थोड्या मतांनी हरवलं. ग्रूनिंग २६ जून १९७४ ला वारले. त्या मे महिन्यात ७३ वर्षांच्या मॉर्स यांनी पुन्हा डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली होती आणि ते सिनेटच्या प्रचाराला लागले होते. २२ जुलैला, प्रचार चालू असतानाच, ते गेले.